बसायचं बिल

मॉलमुळे मुली मोकळ्या झाल्या, असं माझ्या ऑफिसातले लोक फार सहज म्हणतात. पुण्यातल्या मॉलमध्ये रात्री नऊला शॉर्ट्स घातलेली मुलगी दिसली, की झाला यांचा समाज बदलून! मला तर तिथे रूढीतून दोन तासांची सूट विकत मिळताना दिसते.

मी परतूरची. तिथे हा हिशोब जास्त स्वच्छ दिसतो. मुलगा स्टेशनच्या बाकावर तासभर बसला, तर तो नुसता बसलेला असतो. मुलगी बसली तर ती कशाची तरी वाट बघत असायला हवी. गाडीची, नाहीतर भावाची. गाडी गेल्यावरही उठली नाही, तर कुणीतरी काका येऊन विचारणारच, "कुणाची गं तू?" नाव नाही विचारत, मालक विचारतात.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' २०११ मध्ये आलं. मुंबईतल्या बाईलाही बाहेर असण्यासाठी काहीतरी काम दाखवावं लागतं, आणि उगाच रेंगाळणं हा तिचा हक्क आहे, असं त्या म्हणतात. मॉल हे काम आयतं पुरवतो: खरेदी. हातातली पिशवी म्हणजे गेटपास. पण दारात बॅगा तपासणारी सिक्युरिटीची ताई सुट्टीच्या दिवशी तिथे कॉफी प्यायला येते का? (तिच्या पगारात एक कॉफी किती तासांच्या ड्युटीची पडते, काढून बघा.)

बरं, पैसे मोजूनही ही सूट टिकत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांच्या खोल्यांतून पोलिसांनी जोडपी उचलली. सज्ञान माणसं, आणि गुन्हा काय, तर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. दार लावलेली, भाडं भरलेली खोली सार्वजनिक! उलट २०२१ मध्ये बोरिवलीत एका सोसायटीच्या रहिवाशांनी समोरच्या रस्त्यावरच 'नो किसिंग झोन' रंगवलं. सगळ्यांचा रस्ता यांचं अंगण झाला.

आता परतूरला एखादं चकचकीत कॉम्प्लेक्स झालं की मुलींची सोय होईल, असं कुणी सांगू नका. नगर परिषदेनं भर रस्त्यालगत चार बाक टाकावेत, रात्री दहापर्यंत दिवे ठेवावेत आणि बायकांचं स्वच्छतागृह कुलूप न लावता चालवावं. 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी लावून त्याला कुंपण तेवढं घालू नका.