पाहुणा संघ येऊ दे, पण अटी आपल्या

मुरुडकरांनो, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

अमेरिकेत चर्चशी जोडलेली बरीच कॉलेजं आहेत. त्यांच्यात एक पद्धत आहे. सुट्टीत कॉलेजचा बास्केटबॉल नाहीतर व्हॉलीबॉलचा संघ परदेशात जातो, तिथल्या पोरांशी सामने खेळतो, शाळांमध्ये खेळ शिकवतो, लोकांच्या घरी जेवतो. याला ते सदिच्छा दौरा म्हणतात. यामागे आपली श्रद्धा आहे हेही ते उघड सांगतात. उद्या असा एखादा संघ मुरुडला यायचा म्हटला, तर आपण काय करणार?

काय होईल ते सांगतो. गावात दोन तट पडतील. एक तट बॅनर, हारतुरे, शाल-श्रीफळ आणि पुढाऱ्यांबरोबर फोटो यात रंगेल. दुसरा तट व्हॉट्सॲपवर "सावधान, धर्मांतर करायला आलेत" फिरवत बसेल. आपल्या पोरांना त्यातून काय मिळणार, हे दोघांपैकी कोणीच विचारणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बोलवावं. पण अटी यजमानाने घालाव्यात, आणि त्या आधीच तोंडावर सांगाव्यात.

बोलवावं का म्हणतो? मुंबईतलं नागपाडा बघा. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस काढलं. चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट, हेच पुढे १९३६ साली टाटांच्या समाजकार्य संस्थेचे पहिले संचालक झाले. वस्ती बहुतेक मुसलमानांची, संस्था ख्रिस्ती मिशनची, आणि खेळ अमेरिकेचा. त्याच नागपाड्यातून भारताच्या बास्केटबॉल संघाचे कप्तान आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसीर आले. मिशनचे लोक गेले, पण बास्केटबॉल राहिला. नागपाडा आजही नागपाडाच आहे.

आपल्या वाळूवर पोरं व्हॉलीबॉल खेळतात ना? तो १८९५ साली विल्यम मॉर्गन यांनी वायएमसीएमध्ये, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेत, तयार केला. चार वर्षं आधी बास्केटबॉलही तिथल्याच एका शिक्षकाने, जेम्स नेस्मिथ यांनी काढला होता. आज नेट बांधताना कोणाला त्याची आठवणही होत नाही.

आणि आपणही गेलोच होतो की! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवले. मंडळाच्या नावातच हनुमान. म्हणून कोणी त्यांना प्रचारक म्हणालं नाही.

आता दुसरी बाजू. खेळात धर्म घुसला की काय होतं, तेही मुंबईनेच पाहिलंय. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' अशा पाच संघांची क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा. गर्दी तुफान व्हायची. पण संघच धर्मावर पाडलेले. गांधीजींनी १९४० साली उघड विरोध केला आणि १९४६ नंतर ती बंद झाली. म्हणजे खेळणाऱ्याची श्रद्धा काय, हा प्रश्न नाही. मैदानावर कोण कुठल्या धर्माचा म्हणून उभा राहतो, हा प्रश्न आहे.

श्रद्धेपोटी आलेला पाहुणा आपल्याला नवा नाही. पांडुरंगशास्त्री आठवले आपल्या शेजारच्या रोह्याचे. स्वाध्यायींची भक्तिफेरी आपल्या कोळीवाड्यांनी पाहिलीय. येतात स्वतःच्या खर्चाने, जेवणाचा भारही गावावर टाकत नाहीत, भेटतात, बोलतात, जातात. बाहेरून येणाऱ्या कोणालाही हीच मोजपट्टी लावा. तो मागतो काय आणि ठेवून जातो काय?

म्हणून माझ्या अटी अशा.

पहिली, कायदा. पर्यटक व्हिसावर आलेल्याला देवळात, मशिदीत, चर्चमध्ये जायला बंदी नाही. पण धर्माची भाषणं देणं, पत्रकं वाटणं, धर्मांतर करणं चालत नाही. परदेशी पाहुणा ठेवणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. होम-स्टेवाल्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे.

दुसरी, मुलांसमोर प्रचार नाही. सामन्याआधी त्यांनी त्यांची प्रार्थना करावी, आपली पोरंही मैदानात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतात. पण आपल्या पोरांना त्यात ओढायचं नाही, आणि बॉल-टीशर्ट देताना त्याबरोबर पुस्तक द्यायचं नाही.

तिसरी, एक सामना त्यांच्या खेळाचा, एक आपल्या कबड्डीचा. रायगडात येऊन चढाई न करता कोणी परत जायचं नाही! आणि मैदानात मुलीही हव्यात, नुसत्या स्वागताला ओवाळायला नकोत.

चौथी, पाहुणे एका समाजाच्या ताब्यात द्यायचे नाहीत. एक जेवण कोळीवाड्यात, एक मोहल्ल्यात, एक वाडीत. सिद्दी नवाबांची ही राजधानी, आपल्याच तालुक्यात कोर्लईला पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे ख्रिस्ती, तिकडे अलिबाग-नवगावकडे बेने इस्रायली, आपले 'शनिवार तेली'. इतक्या धर्मांना शेजार दिलेला हा किनारा डझनभर कॉलेजच्या पोरांना घाबरेल, हे मला पटत नाही.

पाचवी अट सगळ्यात महत्त्वाची. समुद्र. १ फेब्रुवारी २०१६ हा दिवस मुरुडमध्ये कोणी विसरलेलं नाही. पुण्याच्या कॉलेजची सहल आली होती, १४ मुलंमुली परत गेली नाहीत. सामना संपला की दमलेली, तापलेली पोरं थेट पाण्याकडे धावणार, मग ती पुण्याची असोत की अमेरिकेची. भरती-ओहोटीची वेळ आधी सांगा, बरोबर दोन पोहणारे कोळी द्या, आणि ते नको म्हणाले की नको. याबाबतीत पाहुण्याचं मन राखायचं नाही. धर्मांतराच्या भीतीवर आपण रात्रभर मेसेज टाकतो, त्याच्या निम्म्याने जरी किनाऱ्यावरच्या पहाऱ्याबद्दल बोललो असतो, तर बरं झालं असतं.

शेवटचं. दौरा यशस्वी झाला की नाही, हे फोटोंवरून ठरवू नका. सहा महिन्यांनी शाळेच्या मैदानावर जा. रिंगला जाळी आहे का? एखादे सर, एखाद्या बाई खेळ शिकून तो पुढे शिकवतायत का? पोरी खेळतायत का? असतील, तर पाहुणे आले ते बरं झालं. नसतील, तर शालींचा खर्च वाया गेला समजा. त्यापेक्षा त्या पैशांत आधीच चार बॉल घेऊन ठेवा, कोणी येवो न येवो.

तुम्हाला काय वाटतं, खाली लिहा. विरोध असेल तर तोही लिहा, फक्त फॉरवर्ड चिकटवू नका. स्वतःच्या शब्दांत लिहा.