काचेवरचं धुकं

आमच्या दादाच्या जीपमध्ये माझी जागा ठरलेली होती. पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. मानाची जागा म्हणून नव्हे हं, काच पुसायला!

महिंद्राची एमएम ५४० जीप. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट आणि पलीकडे ओतूरला आमचं गाव. जुलै-ऑगस्टात घाट चढायला लागलो की काच आतून पांढरी व्हायची. वायपर बिचारा बाहेरून घासतोय आणि आत मी पदराने पुसतेय. दादा ओरडायचा, "अगं, माझ्यासमोर पूस, तुझ्यासमोर नको!" बाहेरून पाणी ठरू नये म्हणून तो काचेवर तंबाखू चोळायचा. जन्मात सुपारीचं खांड न खाल्लेला माणूस, पण मुरबाडच्या टपरीवर त्याला तंबाखूचं गिऱ्हाईक म्हणून ओळखत. असो.

दादा गेला, जीप राहिली. भाच्याने ती जिवापाड जपली आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने जाहीर केलं की जीपला गरम होणारी काच बसवणार. घरात हलकल्लोळ! वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच सांगा त्याला. डोंबिवलीत कुठे बर्फ पडतोय?" धाकट्या जाऊबाईंनी हिशोब केला की तेवढ्यात चांगली सेकंडहँड स्कूटर येईल.

मी मात्र त्याच्या बाजूने उभी राहिले. याच गाडीला मोठे टायर, टपावर चार दिवे आणि म्हशीसारखा हंबरणारा हॉर्न बसवला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. चालवणाऱ्याला समोरचं दिसावं यासाठी खर्च केला की तेवढी मात्र चैन? हे काही मला पटेना.

मी बीए, तेही मराठी घेऊन. पण शाळेत भूगोलही शिकवलाय. स्टीलच्या पेल्यात बर्फ टाकला की पेला बाहेरून घामेजतो, तोच दवबिंदूचा धडा. जीपमध्ये पाच माणसांचे श्वास, ओले कपडे, हूड बंद. पावसाने गार पडलेल्या काचेवर ती वाफ आतून बसते. नव्या गाड्यांत एसी हवा कोरडी करतो, पंखा काचेवर गरम वारा सोडतो. जुन्या जीपला यातलं काहीच नाही. मग काचच कोमट केली तर वाफ बसणार कुठे?

ही युक्ती मूळची थंड मुलखातली. फोर्डने १९८५ मध्ये युरोपात स्कॉर्पिओ नावाच्या गाडीला अशी काच दिली (आपल्या महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ ची, ही वेगळी). गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मधे चिकट पापुद्रा. त्यातच केसाहून बारीक तारा घालतात. इंग्लंडात लँड रोव्हर डिफेंडरवाले हौसेने ती बसवून घेतात. जुन्या गाड्यांसाठी मापाप्रमाणे करून देणारेही तिथे आहेत. आमच्या जीपची काच सपाट, रबरी बीडिंगमध्ये बसणारी. भाच्याने पुठ्ठ्याचा साचा कापून पाठवला आणि लाकडी खोक्यातून काच आली.

खरी परीक्षा पुढे. पहिल्या गॅरेजवाल्याने काचेची वायर सरळ हेडलाइटच्या स्विचला जोडून दिली. मुरबाडच्या अलीकडेच प्लॅस्टिक जळल्याचा वास! स्विच वितळला होता. नंतर एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मला कागदावर समजावलं. बारा व्होल्टवर तीस अँपिअर म्हणजे ३६० वॉट, घरातले पाच पंखे एकदम लावल्यासारखे. त्याला जाड वायर हवी, बॅटरीजवळ फ्यूज हवा, रिले हवा आणि काही मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर हवा. इंजिन चालू असल्याशिवाय काच तापता कामा नये, नाहीतर बॅटरी बसलीच. आमचा जुना अल्टरनेटरही बदलावा लागला. हा खर्च काचेच्या किमतीत धरलेला नव्हता. कुणी करणार असाल तर आधीच धरा!

खोटही सांगते. रात्री समोरून प्रखर दिवे आले की त्या तारा किंचित चमकतात. खडा उडून काच तडकली तर दुसरी परत इंग्लंडहूनच यायची.

पण माझा आक्षेप याहून वेगळा होता, आणि तो मी भाच्याला तोंडावर सांगितला. काच बसल्यावर तो म्हणाला, "आत्या, आता धुक्याचं टेन्शन नाही." मी म्हटलं, "अरे, कुठल्या धुक्याचं?" काचेवरचं धुकं वेगळं आणि घाटातलं वेगळं. पहिल्याला तारा पुरतात. दुसऱ्याला जगातली कुठलीच काच पुरत नाही, कारण ते बॉनेटच्या पुढे, रस्त्यावर उतरलेलं असतं. पूर्वी काच पांढरी झाली की दादा नाइलाजाने गाडी हळू करायचा. आता काच लख्ख म्हणून हा जोरात निघाला तर? "तू शिक्षिकाच राहणार," म्हणून हसला तेव्हा.

गेल्या जुलैत ओतूरला निघालो. टोकावड्यापासून पाऊस, आत आम्ही चौघं ओले. बटण दाबलं आणि दोन-तीन मिनिटांत काच मधोमधपासून साफ होत गेली. खरंच सुरेख! इतकी वर्षं मी पदर भिजवला त्याचं हसू आलं. पण मोरोशीच्या पुढे बघते तर काचेपलीकडे नुसता कापूस. पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दिसेनात. मी एक शब्द बोलले नाही, पर्स मात्र घट्ट धरून बसले.

भाच्याने गाडी वळवून मोरोशीत एका हॉटेलपुढे रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेतली. "आत्या, भजी खाणार?" पाऊण तास बसलो. दोन प्लेट कांदाभजी झाली, चहा झाला. मग समोरचा डोंगर हळूहळू दिसू लागला.