बर्फ नव्हे, कोबा

सन 2024 च्या आरंभी दक्षिण कोरियातील गांगवॉन प्रांतात युवकांचे हिवाळी ऑलिंपिक भरले होते. त्यात फिगर स्केटिंगचे मुलींचे सुवर्णपदक जपानच्या पंधरा वर्षांच्या माओ शिमादाने पटकाविले, तर मुलांचे यजमान देशाच्या किम ह्योन-ग्योमने. हे निकाल आपल्याकडे फारसे कोणी वाचले नसतील, आणि त्याबद्दल कोणास दोषही देता येणार नाही. हिवाळी ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगमध्ये आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. कारण विचारले तर शहाणी माणसे खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवितात. हे कारण इतके सोयीचे आहे की, ते खरे आहे काय, हे तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आम्ही ती आज घेणार आहो, आणि तीही एटापल्लीच्या निमित्ताने. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाचा बर्फावरील नर्तनाशी संबंध काय, असे वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

फिगर स्केटिंग हा थंडीचा खेळ नाही. तो यंत्राचा खेळ आहे. यंत्राच्या साहाय्याने गोठविलेला रिंक जॉन गॅमजी याने लंडनमध्ये 1876 मध्येच सुरू केला होता. हिवाळी ऑलिंपिक 1924 मध्ये शामोनी येथे जन्मास आले. पण फिगर स्केटिंग त्याच्याही आधी, 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, छपराखालच्या कृत्रिम बर्फावर खेळले गेले. मनिला शहर मुंबईपेक्षा थंड आहे असे कोणी म्हणणार नाही. तेथील मायकेल ख्रिश्चन मार्टिनेझ हा दमेकरी मुलगा एका मॉलमधील बर्फावर हा खेळ शिकला, 2012 मध्ये इन्सब्रुकच्या युवा ऑलिंपिकला गेला आणि 2014 मध्ये सोची येथे थोरांच्या स्पर्धेत एकोणिसावा आला. पुढे 2018 मध्ये मलेशियाचा ज्युलियन यी प्योंगचांगला पोहोचला. तेव्हा उन्हाची सबब यापुढे पुरे.

आपल्याकडे उणीव आहे ती निराळ्याच गोष्टीची. देहरादून येथे 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी एक बंदिस्त रिंक बांधला गेला. स्पर्धा आटोपल्या, पाहुणे गेले, आणि रिंक वर्षानुवर्षे बंद पडून राहिला. तो पुन्हा नांदता झाला तो 2025 मध्ये. उद्घाटनाच्या वेळी सहा वर्षांचे असलेले मूल तोवर विशीचे झाले होते. या खेळात ही चौदा वर्षे म्हणजे एक संपूर्ण कारकीर्द होय. सोन्या हेनी 1924 मध्ये शामोनीला उतरली तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती आणि शेवटची आली. चारच वर्षांनी तिने सुवर्णपदक मिळविले. बुटाखालचे पाते जेमतेम चार मिलिमीटर रुंद, त्यालाही दोन कडा. उडी कोणत्या कडेवरून घेतली आणि कोणत्या कडेवर उतरली, यावर गुण ठरतात. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही आणि शिबिरातूनही येत नाही. ते सहाव्या-सातव्या वर्षापासून, रोज पडून आणि रोज उठून, घोट्यात मुरते.

आता आमच्या अरण्यप्रदेशाकडे वळू. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर गाठले. ‘मिशन शौर्य’ या सरकारी उपक्रमात त्यांची निवड झाली, दार्जिलिंगला आणि लडाखला त्यांना शिकविण्यात आले, आणि ज्यांनी बर्फ पूर्वी कधी पाहिलाही नव्हता ती मुले जगाच्या माथ्यावर उभी राहिली. शासनाने हे चांगले केले, असे आम्ही निःसंकोच म्हणतो. पण मोहिमेचा स्वभाव असा असतो की, ती निवडक मुलांना उचलून वर नेते आणि परतल्यावर संपते. हार घातले जातात, छायाचित्रे निघतात, शाळेचे मैदान मात्र होते तसेच राहते. आपल्या शासनास मोहिमा आवडतात; नित्यक्रम आवडत नाही. फिगर स्केटिंग हा नित्यक्रमाचा खेळ असल्यामुळेच तो आपल्याला साधत नाही.

आणि नित्यक्रमासाठी आश्रमशाळेइतकी अनुकूल संस्था या राज्यात दुसरी नसेल. एटापल्ली, भामरागडच्या माडिया मुलांपैकी अनेक जण पहिलीपासून दहावीपर्यंत तेथेच राहतात, तेथेच जेवतात, तेथेच झोपतात. पुण्या-मुंबईतील पालक पहाटे मुलाला गाडीत घालून ज्या सरावासाठी धावतात, तो येथे अंगणात होऊ शकतो. अर्थात खेळाचा तास गणिताच्या राहिलेल्या धड्यांस देऊन टाकण्याची जी आपल्या शाळांची जुनी रीत आहे, ती तेवढी मोडावी लागेल. रेला नाचणाऱ्या मुलांना स्केटिंग उपजतच येईल, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. कोणालाच ते उपजत येत नाही. म्हणून तर जमीन लागते.

आम्ही एटापल्लीला बर्फाचा रिंक मागत नाही. तो मागणे हास्यास्पद ठरेल. चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असा सिमेंटचा गुळगुळीत कोबा, त्यावर पावसाळ्यात टिकणारे छप्पर, चाकांच्या स्केट्सचे काही जोड आणि तेथेच मुक्कामास राहणारा एक शिक्षक, एवढेच पुरे आहे. चाकांवरील कलात्मक स्केटिंग हा स्वतंत्र आणि प्रतिष्ठित खेळ आहे. अनुपकुमार यामाने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यात कांस्यपदके मिळविली. तोल, गिरकी, उडी यांची पायाभरणी चाकांवर होते; बर्फ मागाहून येतो, आणि न आला तरी काही बिघडत नाही.

पैसा कोठून आणावा? उत्तर एटापल्लीच्याच डोंगरात आहे. सुरजागडचे लोहखनिज भरून ट्रकमागून ट्रक त्या रस्त्याने जात असतात. केंद्राच्या खाण कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीनुसार खाणपट्टाधारकास स्वामित्वधनाखेरीज जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे रक्कम भरावी लागते, आणि ती खाणबाधित लोकांसाठी खर्चावयाची असते. या निधीच्या विनियोगाची मार्गदर्शक तत्त्वे वाचली तर शिक्षणाच्या सदरात क्रीडासुविधा आणि शिक्षकांची नेमणूक या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आढळतात. म्हणजे कोब्याची तरतूद आहे, आणि कोब्यावर उभे राहणाऱ्या शिक्षकाचीही आहे. बहुधा पहिली वापरली जाते आणि दुसरी विसरली जाते, कारण शिक्षकाचे उद्घाटन करता येत नाही.

आधी दवाखाने, आधी रस्ते, असे काही जण म्हणतील. दवाखाने आधी हवेत, यात वाद नाही. पण शहरातील सरकारी इस्पितळात खाटा अपुऱ्या आहेत म्हणून तेथील पोहण्याचा तलाव बांधावयाचा थांबविला, असे आम्ही कधी ऐकले नाही. गरजांची ही कडक क्रमवारी फक्त अरण्यातील मुलांसाठीच का आठवावी?

पुढील युवा हिवाळी ऑलिंपिक 2028 मध्ये इटलीतील डोलोमिटी-वाल्तेल्लिना येथे आहे. त्याचा विचार येथे कोणी करू नये. यंदा पहिलीत आलेली मुलगी पंधरा वर्षांची होईल तोवर अशा आणखी स्पर्धा होऊन गेलेल्या असतील. प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेने आपल्या पुढील बैठकीत एका आश्रमशाळेपुरता हा खर्च मांडावा, आणि अंदाजपत्रकात शिक्षकाचे वेतन एका वर्षाचे नव्हे, दहा वर्षांचे धरावे.