अजिंठ्याचा अंधार

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आम्ही प्रथम शिरलो तेव्हा आमची निराशा झाली, हे कबूल केलेच पाहिजे. पद्मपाणीला आम्ही पाठ्यपुस्तकापासून ओळखत होतो. संगणकाच्या पडद्यावर तर त्याच्या भुवईची रेघ न् रेघ मोठी करून पाहिली होती. प्रत्यक्षात समोर आली ती काळवंडलेली भिंत. भोवतीचे अनेक जण फोनमधल्या चित्राशी ती ताडून पाहत होते, आणि भिंत उणी ठरत होती. मुळाने प्रतीच्या कसोटीला उतरावे, असा हा उफराटा न्याय!

तथापि सारा दोष डिजिटल तंत्रज्ञानाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. प्रतींचा सोस जुनाच. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रती करवून घेतल्या; त्यांतल्याही कित्येक १८८५मध्ये लंडनलाच जळाल्या. या खटाटोपात रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश फिरवले गेले. ते कालांतराने तपकिरी पडले आणि चित्रे त्याखाली झाकोळली. स्पष्ट पाहण्याच्या हव्यासाने मूळच अस्पष्ट करून ठेवले. त्या मानाने भिंतीला स्पर्शही न करणारा आजचा कॅमेरा निरुपद्रवी म्हणायचा. अजिंठा ज्यांना कधी घडणार नाही, अशांना त्याने काय दिले हे वेगळे सांगायला नको.

आमची तक्रार आहे ती चौकटीबद्दल. पडद्यावरचा पद्मपाणी एकटा असतो. बहुधा छातीपासून वर कापलेला, एखाद्या उदास राजपुत्राच्या व्यक्तिचित्रासारखा. आमच्या कितीतरी ललित लेखांतली त्याच्या ‘विषण्णते’ची वर्णने या कापाकापीतून आलेली असावीत, असा आम्हांला संशय आहे. (आम्हीही एक लिहिले आहे.) लेण्यात तो गर्भगृहाकडे नेणाऱ्या दाराच्या एका अंगाला आहे, दुसऱ्या अंगाला त्याच्या तोडीचा आणखी एक बोधिसत्त्व, आणि दोघांच्या मधून आत, अंधारात, दगडातला बुद्ध. सभोवार सेवक, वादक, माकडे, मोर यांची दाटी. भिंतीपाशी उभे राहून मान वर केली की ती झुकलेली नजर आपल्यावर उतरते. ते दुःख नसून करुणा आहे, हे आम्हांला तिथे उमगले. पडद्यावर शंभरदा पाहूनही उमगले नव्हते. वर्गात हे चित्र दाखवणाऱ्या अध्यापकांनी चेहऱ्याआधी ते दार दाखवावे, एवढीच आमची विनंती.

डोळे अंधाराला सरावायला दहाएक मिनिटे लागली. आधी गळ्यातले मोती दिसले, मग हातातले कमळ, मग कोपऱ्यातले एक माकड. तेवढ्यात रखवालदाराने पुढे सरकायला सांगितले. बाहेर पुढची रांग खोळंबली होती.