डॉक्टरांचा फोन मोकळा असावा

आपल्या मंडळाच्या बैठकीत व्याख्यान आटोपून चहाचे कप हाती आले, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. घरी बसून रुग्णांना सल्ला द्यावयाचा, तर सिमकार्डाचा टॅब्लेट घ्यावा, की साधा वाय-फायचा घेऊन तो मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवावा? (औषधाची टॅब्लेट स्त्रीलिंगी आणि यंत्राचा टॅब्लेट पुल्लिंगी, हा भेद आपल्या भाषेने कसा केला ते जाणकारांनी सांगावे.) प्रश्न निघतो, दोन-चार जण आपापल्या पुत्राचे वा जावयाचे मत सांगतात आणि चहा संपतो. या स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा या प्रश्नाविषयी माझे मत एकदा कागदावर मांडावे असे ठरविले. ते मत एका चुकीतून बनले आहे, आणि ती चूक माझी आहे.

२५ मार्च २०२० रोजी देश टाळेबंदीत गेला, त्याच दिवशी भारतीय वैद्यक परिषदेच्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या साहाय्याने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तोवर फोनवर सल्ला देणे हे आपण सर्वच करीत होतो, पण काहीसे चोरट्याने. त्या दिवसापासून नोंदणीकृत डॉक्टरला दृक्-संवादाने, साध्या फोनवर किंवा लेखी संदेशानेही सल्ला देण्याची रीतसर मुभा मिळाली. तीही देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णास! आम्हा बेळगावकरांना या शेवटच्या वाक्याचे मोल अधिक. आमचा निम्मा बाह्यरुग्ण विभाग चंदगड तालुक्यातून येतो. म्हणजे रुग्ण महाराष्ट्रात आणि डॉक्टर कर्नाटकात. उरलेले खानापूरच्या जंगलपट्ट्यातून येतात. सत्तरीतल्या माणसाने केवळ रक्तदाबाचा आकडा सांगावयास आणि जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून घ्यावयास पावसाळ्यात दोन बसगाड्या बदलाव्यात, यात कोणाचेच हित नव्हते. म्हणून साथ ओसरल्यावरही दुपारी दोन तास घरून रुग्ण पाहण्याचा क्रम मी सोडला नाही.

यासाठी घरात ब्रॉडबँडची तार असतेच. पण बेळगावच्या पावसाची ओळख येथे कोणास करून द्यावयाची? वीज जाते, इन्व्हर्टरवर आपले राउटर चालू राहते, पण गल्लीच्या टोकाला असलेल्या पेटीतली बॅटरी तासाभरात मान टाकते. उन्हाळ्यात रस्ता खणणारे येतात आणि तार तुटते. म्हणजे दुसरी वाट हवीच, आणि ती मोबाईलच्या मनोऱ्यावरूनच येणार. प्रश्न एवढाच, की ती वाट टॅब्लेटच्या स्वतःच्या सिममधून यावी की खिशातल्या फोनमधून.

हॉटस्पॉटची बाजू दुबळी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. फोन आपल्याजवळ आहेच. त्याचे रिचार्ज आपण करतोच. २०२५ साली आलेल्या साध्या आयपॅडची भारतातील किंमत वाय-फायच्या प्रतीला ३४,९०० आणि सेल्युलर प्रतीला ४९,९०० रुपये अशी जाहीर झाली होती. म्हणजे सिमच्या सोयीसाठी पंधरा हजार अधिक. शिवाय त्या सिमचे रिचार्ज वेगळे. मी आठ महिने हॉटस्पॉटच वापरला आणि इतरांनाही तेच सुचविले. इंग्रजीत या प्रकाराला टेदरिंग म्हणतात. टेदर म्हणजे दावे, गुरे बांधतात ते. टॅब्लेट गाय आणि फोन खुंटा, अशी ती कल्पना. आठ महिने ही गाय शांतपणे दूध देत होती.

त्या जुलैत एका संध्याकाळी वीज गेलेली होती, ब्रॉडबँड मेलेले होते आणि टॅब्लेट माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालला होता. पलीकडे चंदगडकडचे एक गृहस्थ. हृदयात कृत्रिम झडप, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्यासाठी अ‍ॅसेनोकूमारॉल चालू. फोन मुलाने धरला होता, पत्नी मागे उभी. दोन दिवस थकवा, उठताना चक्कर. घरच्या यंत्रावर रक्तदाब नेहमीपेक्षा कमी. पावसाळ्यात खाणेपिणे कमी झाले असेल, रक्तदाबाची गोळी जड होत असेल, असा अंदाज बांधून ती निम्मी करण्यास मी सांगणार होतो. एवढ्यात मागून त्या बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, अजून एक सांगायचं होतं..." आणि पडद्यावरचे चित्र थिजले. त्यांचे तोंड अर्धे उघडे तसेच राहिले.

त्याच क्षणी माझ्या फोनची घंटा वाजत होती. ज्या रुग्णालयात माझे रुग्ण असतात तेथील वॉर्डातून सिस्टर बोलत होत्या. तेथेही निकडच होती. चार-पाच मिनिटे बोलावे लागले. ते संपवून टॅब्लेटकडे पाहिले, तर संवाद तुटलेला. ते पुन्हा फोन करतील असे मी धरून चाललो आणि पुढचा रुग्ण घेतला. पाऊण तासाने मुलाचा फोन आला. "तुम्ही फोन ठेवलासा, आम्हाला वाटलं झालं बोलणं. आई म्हणते, काळी संडास होते आहे म्हणून सांगायचं राहिलं."

पुढचे सभासद डॉक्टरांना सांगावयास नको. त्यांना त्याच रात्री भर पावसात गाडीने बेळगावला आणले. आयएनआर भलताच चढलेला होता. गुडघेदुखीसाठी मधल्या काळात कोणाकडून तरी वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. रक्त द्यावे लागले. ते बरे होऊन घरी गेले, म्हणूनच ही हकिगत लिहिण्याचे धैर्य होत आहे. शौचाचा रंग मीच आधी विचारावयास हवा होता, असे कोणाच्या मनात येईल. ते बरोबर आहे. परंतु मी विसरलेला प्रश्न त्या माउलीच्या लक्षात होता, तिने तोंडही उघडले होते, आणि ते माझ्याच फोनने बंद केले.

असे का झाले हे मी नंतर समजून घेतले. माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. एक रुग्णालयाला ठाऊक असलेल्या जुन्या क्रमांकाचे, दुसरे इंटरनेटचे. पुष्कळ फोनांत सिम दोन असली तरी ती एकाच वेळी पूर्ण काम करीत नाहीत. एकावर बोलणे सुरू झाले, की दुसऱ्यावरचे इंटरनेट तेवढा वेळ थांबते. ज्या सिमवर इंटरनेट चालू आहे त्याच सिमवर, म्हणजे व्होल्टीवर, फोन आला तर इंटरनेट सहसा थांबत नाही. काही नव्या फोनांत ही अडचण दूर केलेली असते, आयफोनमध्ये त्यासाठी एक वेगळी कळही आहे. पण आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या फोनची ही परीक्षा घेतली आहे? वास्तविक परीक्षा सोपी आहे. हॉटस्पॉटवर टॅब्लेट लावून दृक्-संवाद सुरू करावा आणि सौभाग्यवतींना आपल्या दोन्ही क्रमांकांवर आळीपाळीने फोन करावयास सांगावे. दोन मिनिटांत निकाल लागतो. मी ती आठ महिन्यांत एकदाही घेतली नव्हती.

हॉटस्पॉटचे बाकीचे दोष किरकोळ आहेत. फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालविला तर आणखी तापतो. दीड-दोन जीबीचा दिवसाचा वाटा असेल, तर एका तासाच्या दृक्-संवादात अर्धा ते दीड जीबी सहज जातो. आणि वाटा संपला, की वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात चेहरा दिसणे अशक्य. हॉटस्पॉटचा सांकेतिक शब्द एकदा नातवाला कळला, की वाटा दुपारीच संपतो, हा अनुभव घरोघरचा असावा.

मंडळातील एका तरुण शल्यविशारदाने माझे म्हणणे ऐकून लगेच आक्षेप घेतला. "सर, यासाठी पंधरा हजार कशाला? कपाटात जुना फोन असेल ना? त्यात एक सिम घाला, त्याचा हॉटस्पॉट करा. काम झाले." त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. खरे पाहता मुद्दा टॅब्लेटचा नाहीच, वेगळ्या सिमचा आहे. व्यवसायात नुकताच पाय ठेवलेल्या, दवाखान्याचे कर्ज फेडणाऱ्या सभासदाने जुना फोनच वापरावा, असे मी आता सांगतो. मी स्वतः मात्र सिमवाला टॅब्लेट घेतला. जुन्या फोनची बॅटरी थकलेली असते, तो चार्ज करावयाचा कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि वीज गेल्याच्या नेमक्या वेळी तो मृत सापडतो. रुग्ण समोर वाट पाहत असताना तीन यंत्रांची जुळवाजुळव माझ्या वयाला झेपत नाही. टॅब्लेट उघडला की इंटरनेट हजर, एवढी सोय मला पंधरा हजारांची वाटली. कोणास ती चैन वाटेल, तर वाद नाही.

ही निवड निर्दोष आहे असेही नाही. शहापुरातल्या किंवा टिळकवाडीतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत आतल्या खोलीत मनोऱ्याचा संकेत पोहोचत नाही. फोन खिडकीत ठेवून आपण आत बसावे, ही सोय हॉटस्पॉटमध्येच आहे. सिमवाल्या टॅब्लेटला घेऊन आपणासच खिडकीत बसावे लागते. मी आता खिडकीपाशी बसतो. रस्त्यावरून जाणाऱ्यास वाटते, डॉक्टर रिकामे आहेत. ई-सिमचीही एक खोच आहे. नव्या काही टॅब्लेटांत सिम घालण्याची खाचच नसते, तेव्हा आपली कंपनी ई-सिम देते का, हे टॅब्लेट घेण्यापूर्वी विचारावे. आणि सिम घ्यावयाचे तर फोनच्या कंपनीहून वेगळ्या कंपनीचे घ्यावे. एकाच कंपनीची दोन सिमे म्हणजे मनोरा बंद पडला की दोन्ही वाटा एकदम बंद.

वेगळ्या टॅब्लेटचा एक लाभ मला आधी सुचला नव्हता. रुग्ण जखमांची, पुरळाची, कधी त्याहून खाजगी अवयवांची छायाचित्रे पाठवितात. ती फोनच्या संग्रहात मुलांच्या वाढदिवसाशेजारी जाऊन बसतात, आणि फोन घरात कोणाच्याही हाती जातो. एकदा पाहुण्यांना सहलीची छायाचित्रे दाखवीत असता मला घाईने फोन उलटा करावा लागला होता. रुग्णाची गुप्तता राखण्याची शपथ घेताना हा फोन कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. आता रुग्णांचे सारे टॅब्लेटवर येते, आणि टॅब्लेट कपाटात कुलूपबंद असतो.

आपल्या मंडळाच्या या पानांचे वाचक सारेच डॉक्टर नाहीत. घरून हिशेब लिहिणारे, बँकेचे वा संगणकाचे काम करणारेही आहेत. त्यांनी माझे ऐकून खर्चात पडू नये. सभेत मधेच चित्र थांबले, तर ते "क्षमस्व" म्हणून पुन्हा जोडून घेतील. त्यात कोणाचे रक्त वाहत नाही. त्यांना हॉटस्पॉट पुरे. शक्य तर तारेने जोडावा, म्हणजे लॅपटॉपवरून फोन चार्जही होत राहतो. आठवड्यातून एखाद्याच रुग्णाशी असे बोलणाऱ्या डॉक्टरांनाही माझा आग्रह नाही. परंतु जो रोज ठरावीक वेळ अशी सेवा देतो आणि ज्याच्या फोनवर वॉर्डातून केव्हाही हाक येऊ शकते, त्याने ही दोन कामे एका फोनवर ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वॉर्डाचा फोन न उचलणे शक्य नाही. मग तो उचलल्याने दुसऱ्या रुग्णाचे तोंड बंद होणार नाही, अशी व्यवस्था करणे आपल्याकडेच येते.

दुसरे एक काम मी त्या प्रसंगानंतर सुरू केले, त्यास पैसा पडत नाही. बोलणे सुरू होताच रुग्णाला सांगतो, "मध्ये तुटले तर तुम्ही काही करू नका; मी तुमच्या साध्या फोनवर लगेच फोन करीन." त्याचा क्रमांक समोरच्या कागदावर लिहून ठेवतो. मार्गदर्शक तत्त्वांनुसार नुसत्या आवाजावरही सल्ला देता येतो, आणि चंदगडच्या डोंगरात पुष्कळदा तेवढेच पोहोचते. तुटले की आधी तो फोन, मग पुढचा रुग्ण.

माझ्या टॅब्लेटमधील सिमलाही एक क्रमांक आहे. त्यावर साधा फोन येत नाही, आणि तो मी घरातही कोणाला सांगितलेला नाही.