पदकाच्या कडेवरचं नाव

बंगळुरूचा छावणी भाग घ्या किंवा पुण्याचा कॅम्प, फौजी कपडे शिवणाऱ्या दुकानात एक काचेचं कपाट हमखास असतं. त्यात पितळी बिल्ले, रंगीबेरंगी फिती आणि झगझगीत पदकं मांडून ठेवलेली. कुणाची फीत विटलेली असते, कुणाचं पदक घर बदलताना गहाळ झालेलं असतं. २६ जानेवारी जवळ आली की अशी मंडळी इथं येतात आणि नवी जोडी घेऊन जातात. म्हणजे पदक चक्क विकत मिळतं. विकत मिळत नाही ती सैन्याच्या दप्तरातली एक ओळ! ती नसेल तर छातीवर पदक लावायचा हक्कच नाही, मग माणूस प्रत्यक्ष तोफांच्या तोंडी उभा राहिलेला का असेना.

आपल्याला वाटतं, पराक्रम केला, पदक मिळालं. मधली कारकुनी आपल्या गावीही नसते. आता १९७१ च्या युद्धाचंच बघा. पूर्वेच्या आघाडीवर लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवर लढलेल्यांना पश्चिमी स्टार, शिवाय संग्राम मेडल वेगळं. ही शौर्यपदकं नव्हेत. ठरलेल्या काळात ठरलेल्या ठिकाणी जो होता, त्याचा तो हक्क. पण ‘होता’ हे कुणी सांगायचं? जवानाच्या पलटणीने ‘पार्ट टू ऑर्डर’ काढायची, ती अभिलेख कार्यालयात (फौजी बोलीत नुसतं ‘रेकॉर्ड’) पोचायची, तिथल्या कारकुनाने ती जवानाच्या शीट रोलमध्ये चढवायची आणि निवृत्तीच्या वेळी तीच नोंद त्याच्या डिस्चार्ज बुकात उतरायची. या साखळीतली एक कडी निसटली की संपलं. जवान त्या वेळी दुसऱ्या तुकडीला जोडलेला असेल किंवा जखमी होऊन इस्पितळात पडलेला असेल, तर कडी निसटायला कितीसा वेळ लागणार? आणि हे त्याच्या लक्षात यायचं ते बहुधा पिकल्या वयात, नातवाने ‘आजोबा, तुमचं पदक कुठंय?’ असं विचारल्यावर.

शौर्यपदकाची गोष्ट आणखी अवघड. तिथं वरिष्ठाची शिफारस हवी आणि शिफारशीला साक्षीदार हवा. ज्याचा पराक्रम पाहायला कुणी उरलंच नाही, त्याने काय करायचं?

कर्नाटकातल्या कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांच्या वाट्याला नेमकं हेच आलं. ७ सप्टेंबर १९६५ ची पहाट. पंजाबातल्या आदमपूर तळावरून हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनची मिस्टेर विमानं पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ला करायला निघाली. नेतृत्व विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांचं. देवय्या राखीव वैमानिक होते. ऐन वेळी कुणाचं विमान अडलं तरच त्यांनी जायचं. ते गेले. परतताना पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाशी त्यांची गाठ पडली. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं, त्या काळातलं अमेरिकेचं अभिमानाचं विमान. फ्रेंच बनावटीच्या मिस्टेरला त्याच्यापुढे पळून जाणंही शक्य नव्हतं. बाकीची विमानं परतली. देवय्या आले नाहीत. त्यांचं काय झालं, हे परतलेल्यांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे आपल्या कागदोपत्री ते ‘बेपत्ता’ झाले. घरी पत्नी आणि मुली. त्यांच्या हातातही तेवढाच एक शब्द.

पुढे १९७९ साली जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं, १९६५ च्या हवाई युद्धावरचं पुस्तक आलं. लिहिलेलं पाकिस्तानी बाजूच्या माहितीवरून. आणि त्यातच होतं की, त्या सकाळी एका स्टारफायटरला एका भारतीय मिस्टेरने पाडलं. पाकिस्तानी वैमानिक अमजद हुसेन छत्रीने उतरून बचावला होता. स्वतःच्या विमानाला गोळ्या लागलेल्या असताना मिस्टेरचा वैमानिक उलटा फिरून भिडला होता! मग हा वैमानिक कोण? परतलेल्यांपैकी कुणीही अशी झुंज दिल्याचं सांगितलेलं नव्हतं. राहिलं एकच नाव. तोवर निवृत्त झालेल्या तनेजांनी ते नाव लावून धरलं आणि १९८८ साली, तब्बल २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारलं. २०२५ साली आलेला ‘स्काय फोर्स’ हा चित्रपट याच घटनेवर बेतलेला. चित्रपटात असायचा तो मीठमसाला आहेच. मला मात्र राहून राहून वाटतं ते एवढंच की, साक्ष आली ती शत्रूच्या गोटातून! ते पुस्तक निघालंच नसतं तर?

कधी कधी कागद हरवत नाही, बदलतो. कारगिल युद्धात बटालिक भागात लढलेल्या ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर देविंदर सिंग यांना युद्धातल्या कामगिरीचं पदक मिळालं नाही, मिळालं ते विशिष्ट सेवा पदक. त्यांचं म्हणणं असं की, लढाईच्या अहवालात आपल्या ब्रिगेडची कामगिरी मुद्दाम झाकली गेली. प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे गेलं आणि २०१० साली न्यायाधिकरणाने त्यांची बाजू मान्य करून नोंदी दुरुस्त करायला सांगितलं. ब्रिगेडियर हुद्द्याच्या अधिकाऱ्याला अकरा वर्षं लागली. मग आमच्या बेळगाव-चंदगडकडच्या साध्या शिपायाचं काय होत असेल, हा हिशेब तुम्हीच करा.

शिवाय घड्याळ उलटं चालू असतं. ज्यांना पेन्शन नाही अशा माजी सैनिकांची कागदपत्रं सैन्याच्या नियमांप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करतात, पेन्शनरांची ५० वर्षांनी. १९७१ ला लढून १९७६ ला पेन्शनविना घरी आलेल्या जवानाची फाइल २००१ नंतर शिल्लक असेलच, याची खात्री नाही. मग ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं छापील उत्तर येतं आणि म्हातारा ते चार वेळा वाचून खिशात ठेवतो. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १९७३ साली आग लागली, तीत एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या. तिथले वृद्ध सैनिक आणि त्यांची मुलं पदकांसाठी जुनी पत्रं, इस्पितळाचे कागद, पगाराच्या पावत्या जोडून सेवा सिद्ध करत आली. फरक इतकाच की, सैनिकी नोंदी दुरुस्त करायला त्यांच्याकडे १९४६ च्या कायद्याने खास मंडळंच नेमलेली आहेत.

आपल्याकडे पहिलं पत्र जातं ते ज्याच्या-त्याच्या रेकॉर्डला. मद्रास सॅपर्सचं आणि आर्मी सर्व्हिस कोअरच्या दक्षिण विभागाचं रेकॉर्ड बंगळुरूत, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावात, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. सैनिक नंबर, हुद्दा, तुकडी, तारखा आणि डिस्चार्ज बुकाची प्रत एवढं जोडावं. अर्ज लिहायला अडत असेल तर जिल्हा सैनिक कार्यालयातली मंडळी मदत करतात, तिथं जायला लाजू नये. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात शीट रोलची प्रत मागता येते. आणि नकारच आला तर न्यायाधिकरण: कर्नाटकातल्यांसाठी कोचीचं खंडपीठ, महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबईचं. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत जायला हवं, हे मात्र विसरू नका. हक्काच्या मोहीम पदकाचं प्रकरण कागदावर सुटू शकतं. शौर्याचं मोजमाप करायला मात्र न्यायाधीश सहसा तयार नसतात, ही खूणगाठ बांधूनच पायरी चढावी.

आणि हो, कागद आपल्याच घरात असू शकतो. ती हिरवी किंवा काळी लोखंडी ट्रंक, फौजी माणसाच्या घरात असतेच, पांढऱ्या अक्षरांत नाव-नंबर रंगवलेली. दिवाळीच्या सफाईत तळाचं ‘जुनं रद्दीचं पुस्तक’ म्हणून डिस्चार्ज बुक बंबात गेल्याचे प्रकार घडतात. त्यात पदकांसाठी एक वेगळी जागा असते. आधी तेवढंच पान उघडा. तिथं पदकाचं नाव असेल आणि पदक नसेल, तर लढाई अर्धी जिंकलेली. पदक आहे पण पानावर नाव नाही, तर पदक उचलून त्याची कड डोळ्यांजवळ न्या. सरकारने दिलेल्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. दुकानातल्या पदकाची कड कोरी असते.