हिशोब मागणे म्हणजे अश्रद्धा नव्हे

चर्चच्या पैशाचा हिशोब विचारला की ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ असे सुनावणारे धर्मगुरू आहेत. आम्हीही धर्मगुरूच, पण हे उत्तर आम्हांला मान्य नाही. संत पौलाने जेरुसलेमच्या गरजू बांधवांसाठी निधी जमवला, तो एकट्याच्या हाती ठेवला नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू त्याने सोबत घेतला. व्यवहार देवासमोरच नव्हे, माणसांसमोरही चोख दिसावा, हा त्याचा आग्रह होता. प्रेषिताची श्रद्धा कमी होती काय?

१९८३ च्या कॅनन कायद्याचे ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असे बजावते. भाविकांच्या दानाचा हिशोब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. तेव्हा ताळेबंद मांडणे हा आमचा उपकार नव्हे, ते आमचे कर्तव्य आहे. पहाटेच्या गाडीने दादरला फुले विकून आलेली माउली दानथैलीत जी नोट टाकते, ती आमच्या मालकीची होत नाही.

परंतु बंधुभगिनींनो, सभेचे निमंत्रण आले की आपणांस सवड नसते. मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर मात्र आरोपांना ऊत येतो. चर्चच्या गरजा भागवण्याचे कर्तव्य कलम २२२ आपणांवर सोपवते. नोट टाकून मोकळे झाल्याने जबाबदारी संपत नाही. ताळेबंद वाचा, उमजेना तर उघड विचारा, समितीवर बसण्याची तयारी ठेवा.

दाखल्यातल्या धन्याने कारभाऱ्याकडे हिशोब मागितला. तो आम्हांला चुकणार नाही. आणि डोळे मिटून गप्प बसलेल्यांनाही नाही.